सगळे इले

काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग लागली होती, आणि त्या रांगेत मधेच ‘सगळे इले’ असे दोन शब्द उभे होते. रोमन लिपीत, पण आमचेच. परक्या गावातल्या लग्नात आपल्या वाडीतलं माणूस दिसावं तसे. मी खुर्चीवरून उठलेच, आणि उठून करायचं काय ते न कळल्यामुळे परत बसले. मांगरात, म्हणजे घराशेजारच्या सामानाच्या कोठीत, उकाडा मी म्हणत होता. वाशांना टांगलेल्या जाळ्यांचा वास, बाहेर दर्याचा आवाज, आणि माझ्यासमोर मच्छीमार सोसायटीने घेतलेला नवा कोरा संगणक. त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा सोसायटीच्या मंगेशने अजून कोणाला काढू दिलं नव्हतं. ओळीचा अर्थ साधा होता. प्रोग्राम सुट्या सुट्या तुकड्यांत लिहितात. ते तुकडे एकमेकांना नावाने हाका मारतात. सगळं लिहून झालं की लिंकर म्हणून एक असतो, तो प्रत्येक हाकेला ओ देणारा शोधून काढतो आणि दोघांची गाठ घालून देतो. ओ देणारा सापडला नाही, की तो हात वर करतो. आता त्याने हात वर केले होते. त्याचं म्हणणं, ‘सगळे इले’ या नावाने इथे हाक मारलेली आहे, पण या नावाचं कोणी नाही. “ता माका म्हायत आसा रे मेल्या,” मी मोठ्याने म्हटलं. मांगरात दुसरं कोणी नव्हतं ते बरं झालं.

विकी माझा धाकटा भाऊ. सावंतवाडीला शिकला, पुण्यात नोकरीला लागला, मला वाटलं चला, एकदाचं सुटलं घर, तर हा एक दिवस बॅग घेऊन परत आईच्या दारात. कट्टा गावाच्या बाजारात एसटीच्या थांब्यासमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी फोनवर चिकार बोलले. तो म्हणाला, “पुण्यात सगळा आसा गो, पण थंय कोणाची वाट बघूची लागणा नाय.” मला ते तेव्हा भयंकर नाटकी वाटलं होतं. वाट बघणं हे आमच्या घरातलं दुखणंच, म्हणजे आईचं. बाबा होडी घेऊन जायचे तेव्हापासून ती दिवे लागायच्या सुमाराला खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या पायरीवर बसायची, ती वाडीतली शेवटची होडी किनाऱ्याला लागेपर्यंत. बाबा आले तरी उठायची नाही. दुसऱ्या कोणाची होडी बाहेर असताना आपण भात वाढून घ्यायचा नाही, हा तिचा नेम. तिच्या आईचाही होता म्हणे. बाबा गेले ते साखरेच्या दुखण्याने, घरात, खाटेवर. दर्याने त्यांना कधी दगा दिला नाही. तरी आईचा नेम चालूच. उपाशी बसायची, पित्त व्हायचं, डोकं धरून पडायची, आणि आम्ही दोघं तिच्यावर तोंड सोडायचो.

विकीने त्याच्यावर औषध काढलं. प्रत्येक होडीवर एक छोटी डबी बसवली, आमच्या दारच्या माडावर अँटेना चढवली. अँटेना चढवायला माडावर गेला काशीरामकाका, बाबांचा धाकटा भाऊ, आणि खालून विकी त्याला “वायच डावीकडे, अरे वायच!” करत होता, तर काकाने वरून त्याच्या डोक्याशेजारी नेम धरून एक शहाळं टाकलं. मग मांगरात एक पडदा लागला. बाहेर गेलेल्या होडीचं नाव लाल, किनाऱ्याच्या टप्प्यात आली की हिरवं. आणि सगळी नावं हिरवी झाली की कौलांखाली बसवलेल्या भोंग्यातून विकीचाच आवाज यायचा, “सगळे इले!” सगळे आले, दोनच शब्द, पण काय ओरडून ठेवलं होतं त्याने! ‘इले’वरचा हेल तर पार देवळापर्यंत जायचा. आई उठायची, पदर खोचायची, ताटं घ्यायची. शेजारपाजारच्या बायकाही त्या आवाजावर मासे तव्यात टाकायला लागल्या. आईचं पित्त गेलं. मी पुण्यात बसून लोकांच्या वेबसाइटवरच्या बटणांचे रंग बदलायचे आणि विकीच्या दसपट पगार घ्यायचे, आणि हा इकडे फुकट एवढं करून बसला होता, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

विजयदुर्गकडच्या लोकांना तसाच पडदा हवा होता. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात विकी तो बसवायला मोटरसायकलवरून गेला आणि येताना तळेऱ्याच्या फाट्यावर मागून ट्रक आला. बस्स, एवढंच. मला याच्यापेक्षा जास्त सांगता येत नाही, कोणी विचारलं तर मी त्या माणसाशी बोलणं सोडते. दिवसकार्य होईपर्यंत वाडीतली एकही होडी मासे मारायला गेली नाही. मग गेल्या, आणि त्याच दिवशी तिन्हीसांजेला भोंगा ओरडला, “सगळे इले!” कोणाच्या ध्यानातच नव्हतं. मी पडवीत निवडायला घेतलेले तांदूळ माझ्या मांडीवरून खाली गेले. मी भोंग्याची वायर तोडायला धावले, तर आईने मनगट धरलं. “ऱ्हवांदे,” म्हणाली. आणि आत जाऊन जेवली. लेक गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. त्यानंतर तेच रोज. वाडीत कुजबूज सुरू झाली की चंद्रावतीच्या डोक्यावर परिणाम झाला, तिला वाटतं झील अजून मांगरात बसलाय. मलाही तसंच वाटायचं. संध्याकाळी पुण्याहून फोन केला की ती म्हणायची, “थांब हां, आयक,” आणि फोन खिडकीबाहेर धरायची. मी इकडे माझा फोन कानापासून लांब करायचे. सहन व्हायचं नाही, खरंच व्हायचं नाही. आता वाटतं, एकदा तरी रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं. पण जे रोज होणारच आहे, ते कोण रेकॉर्ड करतं? माझ्या फोनमध्ये विकीचा आवाज आहे, नाही असं नाही. एकच. मी त्याला काहीतरी काम सांगितलं होतं, त्याचं उत्तर. “मागसून करतंय गो.” ते काय रोज संध्याकाळी वाडीला ऐकवायचं?

यंदाच्या पावसात मांगरातला जुना संगणक मेला. खाऱ्या हवेने आतून खाल्ला होता. कणकवलीच्या माणसाने डिस्क उघडून दाखवली तर तिच्यावर सरळ गंज. पावसाळ्याची बंदी उठून होड्या पुन्हा सुटल्या, संध्याकाळ झाली, आई पायरीवर बसली. होड्या लागल्या, मंगेशने स्वतः येऊन सांगितलं, “काकी, इलंव सगळे.” आईने मान हलवली आणि बसून राहिली. मग तांब्याभर पाणी पिऊन झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. काकाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डोसा खात होते. काका फोनवर नेहमी ओरडून बोलतो, त्या दिवशी हळू बोलला. “बाय, आवस तुझी रातची जेवणा नाय. सकाळचो च्याव तेवढो. हाडां दिसतत गो.” तो डोसा मी तसाच टाकला. रजा टाकली, लॅपटॉप उचलला आणि आले.

विकीने प्रोग्राम इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता, कोणीही घ्यावा, आपल्या बंदरावर लावावा. मला वाटलं उतरवून घेतला, चालू केला, झालं. पण तो तयार माल नव्हता. तो नुसता मजकूर होता, त्याच्यातून प्रोग्राम उभा करायचा होता, आणि तो प्रकार मी आयुष्यात कधी केलेला नव्हता. विकी मला त्यावरून चिडवायचा. “ताई, तू भिंती रंगव. घर आमी बांधतंव.” एका गणपतीत मीच त्याला विचारलं होतं की लायब्ररी लायब्ररी म्हणतात ते नेमकं काय रे. आम्ही तेव्हा देवळाच्या मागच्या खोलीतून वाडीची मोठी भांडी आणायला गेलो होतो, शेजारी बारसं होतं. तो म्हणाला, “ही काय, हीच. घराघरात एवढो मोठो टोप कोण ठेवता? देवळात एक आसा, ज्येका लागात तेणी न्हेवचो. तसाच. तू फक्त लिहून ठेवूचा, अमको टोप लागतलो. काम सुरू होताना तो आणूचो. म्हणून शिजवूच्या आधी बघूक व्हया, टोप जाग्यार आसा काय, आणि चावी कोणाकडे आसा.” टोपाचा एक कान त्याच्या हातात होता, एक माझ्या. मला वाटेत त्याने इतकं हसवलं की टोप खाली ठेवावा लागला.

ते सगळं मला इथे मांगरात बसून पुन्हा शिकावं लागलं, चिडत, रडकुंडीला येत. पहिल्यांदा संगणक म्हणाला, रेडिओची लायब्ररी नाही. ती आणून बसवली. तरी म्हणाला नाही. अरे, आत्ता तर बसवली! ती होती, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तो आपल्या नेहमीच्या दोन जागा बघून परत येत होता, आमच्या काकाला चष्मा शोधायला सांगावं तसा. त्याला वाट लिहून दिली. मग लायब्ररी सापडली तरी हाका तशाच अनुत्तरित. त्याच्यात माझी अख्खी दुपार गेली. शेवटी कळलं की ओळीत नावं कोणत्या क्रमाने देतो ते महत्त्वाचं असतं. आधी मागणारा, मग देणारा. देणारा आधी येऊन गेला तर लिंकर त्याला विचारतो, तुझी कोणाला गरज? कोणालाच नाही? मग जा. आणि मागणारा मागाहून येतो तेव्हा देणारा निघून गेलेला असतो. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि दर्याच्या कडेने लांबवर चालत गेले. परत येऊन क्रम बदलला, आणि त्या सगळ्या हाका एकदम मिटल्या. एकच उरली. विकीने एक लायब्ररी स्वतः बनवली होती. तिचं नाव ‘हाक’. तिच्यात त्याचा आवाज भरलेला होता, आणि तो आवाज सोडणारा तुकडा, फंक्शन म्हणतात त्याला, तोच हा ‘सगळे इले’. बाकी सगळं त्याने इंटरनेटवर टाकलं होतं, ही मात्र नाही. स्वतःचा आवाज जगाला द्यायची लाज वाटली असेल. लहानपणापासून तसाच, गर्दीत गाणं म्हण म्हटलं की पळायचा. विजयदुर्गकडेही त्याने नुसता साधा भोंगाच लावून दिला होता. ती लायब्ररी दोनच ठिकाणी होती. एक तो गंजलेला संगणक. दुसरा त्याचा स्वतःचा लॅपटॉप.

काका खळ्यात जाळं दुरुस्त करत बसला होता. मी विचारलं, “काका, विकीचो लॅपटॉप खंय आसा?” त्याची सुई थांबली. “तो नाय,” म्हणाला. “नाय म्हणजे?” मग त्याने सांगितलं. बाराव्या दिवशी आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण, नेसूचे कपडे, सगळं बांधून दर्यात लांब नेऊन सोडतात. काकाने विकीची गादी बांधली, कपडे बांधले, आणि त्या बोचक्याच्या पोटात त्याचा लॅपटॉप ठेवला. वर दोरी आवळली, दगड बांधला आणि सोडला. “तेचो जीव तेच्यात होतो गो,” काका म्हणाला. “दुसऱ्या कोणाक देवचो तरी कसो? माका वाटला, थंय तेका लागतलो.” हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता, जणू मी म्हणणार, बरं केलंत. आणि मी काय म्हणाले? माझी जीभ! मी म्हणाले, “तेका जाळलास तां जाळलास, आता तेचो आवाजय बुडवून इलास! आवशीक उपाशी मारलास तुमी!” अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाले. काकाने सुईतला दोरा दाताने तोडला, जाळं गोळा केलं आणि उठला. दुसऱ्या दिवशी पहाटे हरवलेली जाळी काढायचा लोखंडी आकडा होडीत टाकून तो एकटाच निघून गेला. मासे मारायला नाही. मंगेशने त्याला बघितलं, लांब, एकाच जागी फेऱ्या मारत, तळावरून आकडा ओढत. विकीचं बोचकं जिथे सोडलं होतं, तिथे. तीन पावसाळे होऊन गेलेत त्या दर्यावरून! तो त्या दिवशी गेला, काल गेला, आज गेला. संध्याकाळी रिकाम्या हाताने यायचा, माझ्याकडे न बघता पाय धुवायचा. मला एकदा तरी म्हणता यायला हवं होतं की काका, पुरे. पण माझ्या आतला एक दुष्ट कोपरा रोज संध्याकाळी त्याचे हात बघायचा.

तर त्या दोन शब्दांसमोर मी बसले होते. मंगेश डोकावला. गेले दोन दिवस त्याला घाई झाली होती. सोसायटीच्या माणसासारखा आधी प्रमाण मराठीत म्हणाला, “मॅडम, कुठपर्यंत आलंय?” मग माझं तोंड बघून घरच्या भाषेत आला. “अक्षया, सोड मां तां. नुसतो भोंगो लाव खंयचो तरी. मोबायलार गावता. नाय तर तूच बोलून भर.” मी म्हटलं, बघते. तो गेला. खरं तर त्याचं बरोबर होतं. पाच मिनिटांचं काम. पण विकीच्या जागी दुसरा आवाज भरायला माझे हात उठत नव्हते. आणि दुसऱ्या बाजूला माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की लिंकरच्या आधी कंपाइल करताना, म्हणजे एकेक तुकडा यंत्राच्या भाषेत उतरवताना, सगळं बिनतक्रार झालं होतं. ‘सगळे इले’ नावाचं कोणीतरी आहे असं विकीने एका ओळीत लिहून ठेवलं होतं, तेवढ्या शब्दावर विश्वास ठेवून पुढचं सगळं चाललं. शब्दावर चालतं, बराच वेळ चालतं. मग शेवटी लिंकर येतो आणि म्हणतो, शब्द नको, माणूस समोर उभा करा. दोन वर्षं आम्हीही तसंच चालवलं होतं.

आई चहा घेऊन आली. कप जाळ्यांच्या ढिगावर टेकवून उभी राहिली. ब्लाउजच्या बाह्या किती सैल झाल्या होत्या तिच्या! “बोलतलो मां गो तो?” तिने विचारलं. मी म्हटलं, “आये, तो आवाज गेलो. आता गावाचो नाय.” आणि मग राहवेना म्हणून जे दोन वर्षांत कोणी तिला तोंडावर म्हटलं नव्हतं ते म्हटलं, “आये, विकी नाय आसा. तुका कळता मां? तो मांगरात नाय.” तिने माझ्याकडे असं बघितलं की मला लहानपणी खोटं बोलताना पकडल्यासारखं झालं. “माका काय खुळी समाजलंस?” ती म्हणाली. “माझ्या झिलाक ह्या खळ्यातसून उचलल्यानी, तो मी बघलंय. तू पुण्यातसून येवच्या आधी तेचा तोंड मी पुसलंय.” तिने पदराने माझ्या टेबलावरची रेती पुसली. “नेम आसा तो, बाय. सगळे इले, असा घरातल्यान सांगूक व्हया. आधी बापूस सांगी तुझो, मगे तो सांगी. मंगेशान सांगलेला घेवन मी काय करू? काको तुझो वेगळ्या चुलीचो. घरात कोण ऱ्हवला नाय सांगूक, म्हणान जेवण जायना नाय.” आम्ही सगळ्यांनी तिला वेडी ठरवून टाकलं होतं, आणि तिला फक्त घरातलं माणूस हवं होतं. मी घरातलीच होते. पण पुण्यात होते.

ती गेल्यावर मी ते केलं. एक नवी फाइल उघडली, तिच्यात ‘सगळे इले’ हे नाव लिहिलं, पुढे कंस उघडला, कंस मिटला. आत काही नाही. असं करतात. जे फंक्शन मिळत नाही त्याच्या नावाने एक रिकामं फंक्शन उभं करायचं. त्याला हाक मारली की ते ओ देतं, आणि काहीच करत नाही. लिंकर आत डोकावून बघत नाही. त्याला नाव जुळलं की पुरे. मी बटण दाबलं. ओळी सरकल्या, थांबल्या. तक्रार नाही. इतके दिवस त्या तक्रारींनी माझं रक्त आटवलं होतं आणि आता एकही नव्हती, तर मला त्या हव्याशा वाटल्या. निदान ‘सगळे इले’ इथे नाही असं कोणीतरी स्पष्ट म्हणत होतं. आता संगणकाच्या लेखी सगळं जाग्यावर होतं. मी डोकं टेबलावर ठेवून रडले, चांगली हुंदके देऊन रडले, विकी गेला तेव्हा माणसांच्या गर्दीत रडायचं राहून गेलं होतं ते.

पडदा चालू झाला तेव्हा ऊन कलतं होतं. होड्यांची नावं एकाखाली एक आली, सगळी लाल. मंगेशने टाळी वाजवली. मग एकेक नाव हिरवं व्हायला लागलं, आणि मांगराच्या दाराशी आलेली माणसं आपापलं नाव ओळखून आपापल्या वाटेला लागली. आई पायरीवर जाऊन बसली. शेवटी एकच नाव लाल राहिलं, ‘चंद्रावती’. आमचीच होडी. बाबांनी आईच्या नावावर घेतलेली, आता काका चालवतो ती. सूर्य पाण्याला टेकला, तरी लाल. मंगेशने काकाला फोन लावला, लागला नाही. “वारो फिरलो मगाशी,” तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून, “तसा काय नाय गो, येतलो.” मला मात्र माझे शब्द दिसायला लागले, एकेक. आवशीक उपाशी मारलास तुमी. साठी ओलांडलेला माणूस, एकटा, दगडात अडकलेला तो आकडा ओढणारा. कोणी पाठवलं होतं त्याला? मी. माझ्या जिभेने. मी रवळनाथाला हात जोडले, ज्याच्या देवळात मी दहा वर्षं फक्त टोप आणायला गेले होते. म्हटलं, लॅपटॉप नको, आवाज नको, काही नको, म्हातारा घरी येऊ दे. पडद्यावर आईचं नाव लाल, आणि बाहेर आई पायरीवर पाठ ताठ करून. मला त्या पाठीकडे बघवत नव्हतं आणि पडद्याकडेही बघवत नव्हतं.

मग नाव हिरवं झालं. कसलाही आवाज न होता, नुसतं हिरवं. सगळी नावं हिरवी. या क्षणाला आतल्या आत विकीचा प्रोग्राम ‘सगळे इले’ला हाक मारत असणार हे मला ठाऊक होतं. हाक गेली, माझ्या रिकाम्या कंसांनी ओ दिली, आणि भोंगा गप्प. मंगेश वर कौलांकडे बघत राहिला. बाहेर आईने मान किंचित वळवली होती मांगराकडे, दोन वर्षांच्या सवयीने. तेवढंच मी बघितलं आणि धावत खळ्यात आले. मला ओरडायची सवय नाही. पुण्यात कोण ओरडतं? मी छाती भरून घेतली आणि ओरडले, “सगळे इले!” आवाज फाटला. ‘इले’वरचा हेल कुठच्या कुठे गेला. शेजारच्या घरातून कोणीतरी बाहेर येऊन बघितलं. पाण्याच्या कडेला काका होडी वर ओढत होता, तो जागीच थांबला. मी पुन्हा ओरडले, “आये, सगळे इले!” आई गुडघ्यावर हात टेकून उठली. पदर खोचला. आत गेली.

काकाने न्हाणीपाशी पाय धुतले. त्याच्या तळहातांना दोरीने कापलं होतं. “कायच गावाक नाय, बाय,” तो म्हणाला, खाली बघत. मी त्याचे ते हात धरले. “उद्या जाव नका, काका,” मी म्हटलं. “माझा चुकला. तुमी तेका दिलास तां बरा केलास. थंय तेका लागतलो.” काकाने मान हलवली, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मी पटकन आत गेले. आईने ताटं घेतली होती. भात, बांगड्याचा तिकला, सोलकढी. तिने काकाला वाढलं, मला वाढलं, स्वतःच्या ताटात वाढून घेतलं आणि बसली. भात कालवला. घास हातात घेऊन ती जरा थांबली, दाराकडे बघत, पायरीवर बसल्यावर बघायची तसं.

“सगळे खंय इले गो,” ती म्हणाली, आणि तिने घास तोंडात घातला.